अकरा घरचा कटला

आमच्या दादांचं, म्हणजे वडिलांचं, सगळं तत्त्वज्ञान दीड मीटरच्या टेपेत मावत होतं. ते शिंपी होते. आजोबांनी धम्म घेतला, गावकीची कामं सोडली आणि त्याच उमेदीत कुठून तरी एक जुनं पायमशीन घरात आणलं. त्या मशीनवर दादांची हयात गेली. भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्याखाली मशीन, मशीनखाली चिंध्या आणि चिंध्यांत मी, असा माझ्या बालपणाचा नकाशा होता. सकाळी मशीनची खटखट सुरू व्हायची आणि चुलीपुढची आईची भाकरीची थपथप तिच्यात मिसळून जायची. दोन्ही आवाज एकदम थांबले की समजावं, एक तर पाहुणा आलाय, नाहीतर माझी कागाळी घेऊन कोणीतरी आलंय. पाहुणे आमच्याकडे कमी यायचे.

गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की दादा टेप लगेच लावत नसत. आधी बैलाची चौकशी, मग सोयरिकीची, मग एखादा फालतू विनोद. गिऱ्हाईक हसलं की टेप सर्रकन कमरेभोवती. मला म्हणायचे, "मानूस मापाला उभा ऱ्हायला का पोट आत घेतो, छाती फुगीवतो, श्वास धरतो. तवा मापलं तर कपडा फोटूतल्या मानसाला व्हतो, जित्याला न्हाई. आधी त्याला बोलता कर. श्वास सोडू दे. मग टेप आवळ." हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला पाठ झालं होतं, आणि जे पाठ होतं त्याचा मी आयुष्यात कधी उपयोग केलेला नाही. त्या काळात खोडदच्या बाजूला दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तबकड्या उभ्या राहत होत्या. लोक म्हणायचे, ह्या आभाळ मापणार. दादा सुईत दोरा ओवत म्हणाले, "बरंय. आभाळ पोट आत घेत न्हाई."

समुद्र आम्हाला माहीत होता तो बोंबलाच्या रूपात. माळशेज घाट चढून सुक्या मासळीचा टेम्पो बाजारात यायचा आणि आई पदरानं नाक झाकून, भावात घासाघीस करत, वाकडेतिकडे बोंबील निवडायची. तव्यावर ते भाजले की आळी उठायची. लसूण, लाल मिरची आणि तो वास. बाजरीच्या भाकरीवर आडवा टाकलेला बोंबील म्हणजे आमचा रविवार. मी लहानपणी असं धरून चाललो होतो की मासे असेच कडक, चपटे आणि खारट जन्माला येतात. पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं, तेव्हा माशाला ओलसर डोळे असतात हे पाहून मला किंचित फसवल्यासारखं वाटलं. त्या विषयाने त्याचा सूड घेतला आणि शेवटच्या वर्षी मला नापास केलं.

नापास होऊन घरात काजं-बटणं करत बसलो असतानाच ती नोकरी आली. शहरातली एक संस्था किनाऱ्याचं आरोग्य मोजत होती. पाणी आजारी पडलं की काठावरची माणसं आजारी पडतात, म्हणून दोघांना एकाच फॉर्मात तपासायचं, असा त्यांचा विचार. विचार चांगला होता. आजही मला त्यात खोट दिसत नाही. खोट त्यांनी नेमलेल्या माणसात होती. मुलाखतीला एक साहेब होते, जाड चष्मा, गळ्यात दुर्बीण. त्यांनी विचारलं, "समुद्र पाहिलाय?" मी म्हणालो, "हो." "कसा वाटला?" मी आयुष्यातल्या एकमेव पुराव्यावर विसंबून म्हणालो, "खारट." साहेब मनापासून हसले आणि मी नेमला गेलो. मला वाटलं, आता अलिबाग, मुरुड, हर्णे. दादांनी नवी पँट शिवली, घडी घालून हातात दिली आणि स्वतःची जुनी टेप तिच्या खिशात ठेवली. म्हणाले, "मापायचं काम हाय म्हणतोस. असू दे."

नेमणूक निघाली आंबेगाव तालुक्यात. भीमाशंकरच्या डोंगरातून उतरणाऱ्या नदीवर धरण झालं होतं, खोऱ्यात पाणी भरलं होतं, आणि संस्थेला वाटलं की ह्या नव्या पाण्यालाही काठ आहे, काठाला माणसं आहेत, तर तेही मोजून टाकू. फॉर्म मात्र समुद्राचेच छापलेले. साहेब जीपमध्ये समजावत होते, "समुद्र लिहिलंय तिथे धरण वाच. होडी लिहिलंय तिथे ट्यूब वाच, हे लोक ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात. बाकी काठ तो काठ." एका पानावर पाण्याची गढूळता, त्यासाठी दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडायची आणि ती कुठे दिसेनाशी होते ते पाहायचं. एका पानावर पक्षी. मग घरोघरी जाऊन आज घावलेल्या सगळ्यात मोठ्या माशाची लांबी, चुलीवर काय शिजतंय ते, आणि पोरांच्या दंडाचा घेर. सगळ्याची गोळाबेरीज करून त्या गावाला नकाशावर एक टिकली लागायची. लाल, पिवळी नाहीतर हिरवी.

"टिकलीचं पुढे काय होतं, साहेब?" मी विचारलं. मी कधीकधी चांगले प्रश्न विचारतो. त्यांची उत्तरं लक्षात ठेवणं मला जमत नाही. हे उत्तर मात्र लक्षात राहिलंय. साहेब म्हणाले, "लाल आली तर गावाला जाळी आणि माशाचं बी फुकट द्यावं, पाणी गावाच्याच हातात ठेवावं, अशी शिफारस जाते. हिरवी आली तर पाण्यात मासा भरपूर आहे, गाव खाऊन-पिऊन सुखी आहे. मग बाहेरच्या ठेकेदाराला पाणी द्यायला हरकत नाही, असं लिहितो. पण हे गावात बोलायचं नाही हं. बोललास की लोक रडका चेहरा करून बसतात आणि मोजमाप बिघडतं."

म्हणजे पाहा. तिथल्या माणसांना काय मापलं जातंय ते ठाऊक नव्हतं, आणि मापणाऱ्याला सगळं ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला हसवल्याशिवाय टेप न लावणाऱ्या माणसाचा मी मुलगा.

माझ्या वाट्याला आलेलं उंबरमाळ गाव अकरा घरांचं होतं. मूळ गाव पाण्याखाली. ही घरं वरच्या उतारावर, कुडाच्या भिंतींची, एकाखाली एक, मध्ये खडकांची पायवाट. पूर्वी खालच्या गाळाच्या जमिनीत भात व्हायचं. आता वरकस जमिनीत नाचणी, रानातला हिरडा आणि पाण्यातला मासा. मासेमारी ह्या लोकांनी जन्मात केली नव्हती. घरापर्यंत पाणी आलं तेव्हा नाइलाजाने शिकले. थाळी पाण्यात सोडताना माझ्याबरोबर कोंडाजी नावाचा एक काटकुळा माणूस होता, गावातला जरा बोलका. फॉर्मात प्रश्न होता, वाळूत कासवं अंडी घालतात का. मी इमानाने विचारला. कोंडाजीने पाण्याकडे बोट केलं. "कासवाचं काय म्हाईत न्हाई, भाऊ. वाळूत आमची म्हातारी मानसं पुरल्याली व्हती. ती हाईत आजून. वर पानी हाय, एवडंच." मी फॉर्मात 'नाही' लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

पहिलं घर ठमाबाईंचं. चाळिशीच्या, उंच, कपाळावर गोंदण, आणि बोलताना समोरच्याच्या बुटांकडे पाहायची सवय. गावाचा शब्द त्यांचा चालायचा. दारात शेणाचा ताजा सडा, पितळी तांब्या लख्ख घासलेला, आणि परातीत एक कटला. काय मासा होता! मांडीएवढा जाड, चांदीसारखे खवले, ओठ फुगवून रुसल्यासारखा. शेपटीचा खालचा तुकडा मात्र कशाने तरी तोडलेला, खेकड्याने किंवा जाळ्याने. मी दादांची टेप काढून डोक्यापासून शेपटीपर्यंत लावली आणि आकडा लिहिला. निळा सदरा घातलेला नातू पुढे आला, त्याच्या दंडाला टेप लावली. पोराने दंड असा ताठ केला होता की मला हसू आलं. "असा मासा रोज मिळतो?" मी विचारलं. "घावतो की," ठमाबाई माझ्या बुटांना म्हणाल्या.

दुसरं घर कोंडाजीचं. तिथेही कटला, तिथेही मांडीएवढा. तिसऱ्या घरी जरा थांबावं लागलं. कोरा चहा आला, मग गूळ आला, मग 'पावणं कुठलं, लगीन झालं का' असे प्रश्न आले, आणि मागच्या दाराने परात आली. मी टेप लावली. शेपटीचा खालचा तुकडा तुटलेला. मी माशाच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे जरा दुधाळ झाले होते, पण ओळख पटत होती. पाठोपाठ निळा सदरा आला, पण आत पोरगं वेगळं होतं. बाह्या कोपराखाली लोंबत होत्या. दाराजवळचा तांब्याही मघाचाच, पोटावरचा पोचा तोच.

शहाण्या माणसाने इथे वही मिटली असती आणि विचारलं असतं, बाई, हे काय चाललंय? मला ती मौज वाटली. मी विशीतला होतो, चिंध्यांतून वर आलो होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खं गाव माझ्यासाठी धावत होतं. मी आतल्या आत हसत आकडा लिहिला. आणि मग मला खोडी सुचली. क्रमाने चौथ्या घरी जायचं सोडून मी खडकांवरून उड्या मारत थेट खाली आठव्या घरी गेलो.

वर एकच धांदल उडाली. कोंडाजी मागून ओरडत होता, "भाऊ, हिकडं, हिकडं हाय पुढचं घर!" मी ऐकू न आल्यासारखं केलं. घरांच्या मागून परकराची सळसळ, कुत्र्यांचं भुंकणं, कोणाची तरी धाप. आठव्या घरात पोचलो तर घरधन्याला बसायला काय द्यावं तेही सुचेना. मग मागच्या दारात कटला आला. मी लिहिला, आणि तिथून परत वर पाचव्याला. पाचव्यावरून खाली दहाव्याला. मासा आणि मी, आमची शर्यत लागली होती. लांबी दर घरी अर्धा बोट कमी-जास्त भरत होती, कारण हसू दाबताना माझाच हात हलत होता. हे मी आज लिहितोय तेव्हा बायको शेजारी बसून वाचतेय. तिने आत्ता विचारलं, "खरंच असं केलंत?" मी हो म्हटलं. ती उठून आत गेली.

नवव्या घरी मासा आला नाही. बराच वेळ आला नाही. चहा संपला, गूळ संपला, माझं लग्न झालेलं नाही हेही सांगून झालं. मग दारात ठमाबाईंची सून उभी राहिली. सातवा महिना असावा. हातात कटला, त्याच्या खवल्यांवरून ताजं पाणी ओघळत होतं आणि कल्ल्यात लाल माती राहिली होती. तिची डावी नडगी सोलवटली होती आणि रक्त घोट्यापर्यंत आलं होतं. धापेत तिला बोलता येईना. "आत्ताच घावला," ती एवढंच म्हणाली आणि मासा परातीत ठेवला. घरातली सगळी माणसं तिच्या पायाकडे न बघता माझ्याकडे बघत होती. सगळ्यांनी श्वास धरला होता.

मी टेप लावली. आकडा लिहिला. त्या फॉर्मात नडगीसाठी रकाना नव्हता.

दुपारी तो कटला माझ्यासाठीच शिजला. ठमाबाईंच्या ओसरीवर मला एकट्याला पाट, पितळी ताट, तांदळाची भाकरी आणि लालभडक कालवण. मस्तक माझ्या ताटात, पोटाची मधली तुकडी माझ्या ताटात. उंबऱ्याच्या आत पोरांची रांग बसली होती. निळा सदरा आता खुंटीवर होता आणि पोरं उघडी होती. उघड्या पोरांचे दंड मापायला टेप लागत नव्हती. "त्यांना वाढा की," मी म्हणालो. "ती मागनं खात्यात. तुमी घ्या, भाऊ," ठमाबाई म्हणाल्या. अकरा घरं उन्हात फिरलेला मासा तो. चवीला जरा गेलाच होता. पण नको म्हणणं बरं दिसलं नसतं, असं स्वतःला सांगत मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. शेवटी पातेल्यात चमचा खरवडल्याचा आवाज आला, आणि मागनं खाणाऱ्यांसाठी काय उरलं ते मला कळलं. मी हात धुतले.

निघताना ठमाबाई पायवाटेवर सोडायला आल्या. तिथे पहिल्यांदा त्यांनी बुटांवरून नजर उचलली. "भाऊ, तुमी वळखलं म्हनं माशाला."

मी पिशवीचा बंद सारखा करू लागलो.

"वळखू द्या. शिकल्यालं मानूस, वळखनारच. पर लिवा चांगलंच. वाईट लिवू नका." मग त्या थांबून सांगू लागल्या. धरणाच्या आधी असेच मापणारे आले होते. गावाला वाटलं, सरकार पट्टी वाढवणार. म्हणून लोकांनी घराच्या भिंती कमी सांगितल्या, गोठे झाकले, आंब्याची झाडं दुसऱ्याची म्हणून दाखवली. जेवढं दाखवलं तेवढंच कागदावर आलं आणि तेवढ्याचीच भरपाई झाली. "तवा कमी दावलं, त्यात बुडालो. म्हनून औंदा समद्यांनी ठरीवलं, भरपूर दावायचं. तीन रोज जाळं टाकलं तवा त्यो एक घावला. तळ्यात दोरी बांधून जिता ठिवला व्हता, तुमी येस्तवर."

म्हणजे ह्या वेळी उलटं होतं. कमी दाखवायचं होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, कटल्याच्या चवीशेजारीच. 'बाई, उलटं आहे, रिकामी परात दाखवा, मी सगळं खोडतो,' एवढंच बोलायचं होतं. पण खालून जीपचा हॉर्न वाजला. फॉर्म अकराच्या अकरा भरलेले होते, सुबक अक्षरात. खोडायचे तर पुन्हा भरावे लागले असते. साहेबांनी बोलू नको म्हणून बजावलं होतं, आणि माझं पोटही जड झालं होतं. ह्यातलं नेमकं कोणतं कारण खरं, ते मी इतकी वर्षं शोधतोय. बहुधा शेवटचं. मी म्हणालो, "काळजी करू नका. हिरवंगार लिहितो."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर कोणाच्याही चेहऱ्यावर माझ्यामुळे आलेलं पाहिलं नाही. त्यांनी पदराखालून पुडकं काढलं, हातसडीचे तांदूळ होते, आणि माझ्या पिशवीत कोंबलं. "आईला द्या," म्हणाल्या.

जीपमध्ये मी साहेबांना सगळी गोष्ट रंगवून सांगितली. माशाची नक्कल केली, कोंडाजीची केली, नवव्या घरातल्या धापेचीही केली. साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "पण फॉर्म पूर्ण आहेत ना?" "पूर्ण आहेत." "मग झालं. आता ह्या वाटेनं परत कोण जातंय?" कटल्याने तेवढ्यात आपलं काम सुरू केलं होतं. घोडेगावपर्यंत मला तीनदा जीप थांबवायला लावून झुडपामागे जावं लागलं. साहेबांनी तेही हसण्यावारी नेलं. न्यायाचा जो काही भाग माझ्या वाट्याला आला तो एवढाच, आणि संध्याकाळपर्यंत तोही आटोपला.

घरी आल्यावर मी ती गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली. आळीतली माणसं जमली होती, मी परातीऐवजी सूप घेऊन पळून दाखवत होतो. आई हसत होती आणि तोंडाला पदर लावून 'पुरं रे' म्हणत होती. मागे दादांचं मशीन चालू होतं. नवव्या घरापाशी आलो तेव्हा मशीन थांबलं. आई हसायची थांबली, कारण आमच्या घरात मशीन उगाच थांबत नसे.

"आन तू काय लिवलंस?" दादांनी विचारलं.

"हिरवं. त्यांनीच सांगितलं चांगलं लिहा म्हणून."

"त्यांनी श्वास धरला व्हता का सोडला व्हता?"

मी सूप खाली ठेवलं. दादा उठले, माझ्या खिशातून टेप काढली, नाकाशी नेली. तिला खवला चिकटला होता, वाळून पांढरा झालेला. त्यांनी टेप न्हाणीत नेऊन साबणाने धुतली, तांदळाच्या पुडक्याशेजारी दोरीवर वाळत टाकली, पुन्हा हुंगली. मग ती माझ्या हातात देऊन म्हणाले, "ही तूच ठिव. हिच्यानं मला आता मानसाचं माप घ्येता यायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी टेप आणली. ते तांदूळ आईने शिजवले, आणि दादा त्या दिवशी भाकरी खाऊन उठले.

उंबरमाळला हिरवी टिकली लागली. पाणी ठेक्यावर गेलं. एकट्या माझ्या टिकलीने गेलं असं म्हणणं म्हणजे मी स्वतःला फार मोठा समजतो. पण कागदांच्या चळतीत माझा कागद होता, आणि त्याच्यावर अक्षर सगळ्यात सुंदर होतं.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी फेरी निघाली. तेच फॉर्म, तेच गाव, तोच मी. साहेबांना तब्येतीची कुरकुर होती म्हणून ते जीपमध्येच बसले. पाणी खाली गेलं होतं आणि बुडालेल्या गावाचे उंबरे चिखलातून वर आले होते. काठाला ठेकेदाराची मोटारबोट बांधलेली, तिच्यावर दोन राखणदार पत्ते खेळत होते. पलीकडे खडकावर ट्रकच्या ट्यूबा पडल्या होत्या. प्रत्येकीला सुरीने एक लांब चीर दिलेली होती. कोंडाजी दिसला नाही. राखणदारांनी जाळ्यासकट धरून त्याला मारलं, तेव्हापासून तो हात धरून घरातच असतो, असं नंतर कळलं. पायवाटेवर ठमाबाईंची सून भेटली. कडेवर काही नव्हतं. मी तिच्या कडेकडे पाहिलं हे तिने पाहिलं आणि ती बाजूने निघून गेली. नडगीवरचा वण पांढरा पडला होता.

ठमाबाई ओसरीवर हिरडा फोडत बसल्या होत्या. दारात सडा नव्हता, तांब्या नव्हता. मला वाटलं शिव्या देतील. शिव्या मी नीट घेतल्या असत्या. कॉलेजपासून सवय होती. त्यांनी "या" म्हटलं, बसायला पोतं टाकलं. मी फॉर्म मांडीवर घेतला आणि प्रश्न विचारला, कारण प्रश्न विचारायलाच मला पाठवलं होतं. "आज घरात मासा?"

त्या उठून आत गेल्या आणि परात घेऊन आल्या. परातीत एक बोंबील होता. बाजारातला, घाटाखालून आलेला, वाळून वाकडा झालेला, माझ्या आईच्या तव्यावरचा. पाण्याच्या काठावर राहणारी ती बाई विकतचा सुका मासा खात होती.

"मापा," त्या म्हणाल्या.

मी बसूनच राहिलो.

"मापा की, भाऊ. कामाला आलायसा न्हवं?" त्यांनी परात माझ्या पुढ्यात सरकवली आणि पुन्हा हिरडा फोडायला घेतला. "औंदा पळाया कुनी न्हाई. ह्या एकाच घरी मापा, आन अकरा ठिकानी लिवा. त्ये तुमाला येतंच."

त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. पोट आत घेतलेलं नव्हतं, श्वास धरलेला नव्हता. दादा म्हणायचे तसं माणूस मापाला अगदी मोकळं उभं होतं. मी खिशातून टेप काढली. बोंबील वाकडा असल्याने तो बोटाने सरळ धरावा लागला, तेवढ्यात त्याचं शेपूट मोडलं आणि माझ्या हातात आलं. मी दोन्ही तुकडे परातीत एकमेकांना लावून ठेवले, मापले, आणि अकरा ठिकाणी लिहिलं.

खाली जीपमध्ये साहेबांनी फॉर्म चाळले. त्यांच्याकडे टिकल्यांचा पुडा होता. त्यांनी नकाशा मांडीवर पसरला, उंबरमाळवरची हिरवी टिकली नखाने खरवडून काढली आणि लाल चिकटवली. ठेका कित्येक वर्षांसाठी दिलेला होता, त्यामुळे त्या टिकलीने आता काही व्हायचं नव्हतं. साहेबांनी नकाशा हातभर लांब धरून डोळे बारीक केले.

"बरं झालं," ते म्हणाले. "ह्या बाजूला सगळं हिरवंच दिसत होतं."